पनीरचं पाणी, हायड्रोजन आणि बंद पडलेला गोबरगॅस

"गॅस येतोय मॅडम, खरं पेटत नाही."

बेळगावकडच्या मराठीत हे 'खरं' म्हणजे 'पण'. फोनवर एक डेअरीवाले बोलत होते. त्या एका वाक्यात त्यांनी या प्रकरणातलं जवळजवळ सगळं रसायनशास्त्र सांगून टाकलं होतं. मला ते कळलं दोन दिवसांनी, त्यांच्या परड्यात गोबरगॅसच्या घुमटाशेजारी उभी राहिले तेव्हा.

गाव बेळगावच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या काठचं. आजूबाजूला भात, ऊस, रताळी, कोबी. घरची डेअरी आहे. भाऊ-भावजया, आई आणि चार कामगार मिळून चालवतात. पनीरसाठी रोज म्हशीचं सुमारे बाराशे लिटर दूध लागतं. त्याचं सव्वादोनशे-अडीचशे किलो पनीर होतं आणि ते पहाटे चोर्ला घाटातून गोव्याच्या हॉटेलांकडे जातं. थोडं दूध वेगळं काढून खवा आटवतात, तो बेळगावात कुंदा करणारे घेतात. धंदा चांगला चालला आहे. अडचण आहे ती पनीर काढल्यावर उरणाऱ्या हिरवट-पिवळ्या पाण्याची. पुस्तकात त्याला निवळी म्हणतात, तिथे सगळे 'पनीरचं पाणी' म्हणतात. रोज साधारण हजार लिटर.

हे पाणी आधी चरातून ओढ्याला जायचं. वाटेत शेजारच्या काकांचं भाताचं शेत. बेळगावी बासमती लावणारी जी थोडी घरं राहिलीत, त्यांतलं ते एक. काका मला बांधावर घेऊन गेले. "बाई, ह्या कोपऱ्यातली रोपं पिवळी पडल्यात बघा. चिखलात पाय घातला की नासक्या ताकाचा वास." त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि काळजी जास्त होती. दोन्ही घरांचं तीन पिढ्यांचं येणं-जाणं आहे.

निवळी दिसायला निरुपद्रवी असते. दूधच ते, असं वाटतं. पण तिच्यात साडेचार-पाच टक्के दुधातली साखर असते, म्हणजे लॅक्टोज. ही साखर पाण्यात किंवा चिखलात गेली की जंतू तिच्यावर तुटून पडतात आणि विरघळलेला प्राणवायू संपवतात. घरगुती सांडपाण्याची जैविक प्राणवायू-मागणी, म्हणजे बीओडी, लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असते. निवळीची तीस ते पन्नास हजार. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. दुसऱ्या तऱ्हेनं सांगायचं तर या एका डेअरीतून रोज सात-आठशे वस्तीच्या गावाच्या सांडपाण्याइतका भार ओढ्यात जात होता. मुळांना श्वास घ्यायला काही उरत नव्हतं, म्हणून रोपं पिवळी.

मालकांनी काकांचं ऐकून घेतलं आणि स्वतःच एक उपाय केला. परड्यात जुना दीनबंधू पद्धतीचा गोबरगॅस होता, पंधरा घनमीटरच्या आसपास पोटाचा. आठ-दहा जनावरांच्या शेणावर घरचा स्वयंपाक होत होता. शेणापासून गॅस होतो तर पनीरच्या पाण्यापासूनही होईल, हा त्यांचा विचार अगदी बरोबर होता. त्यांनी चर बंद केला आणि सगळं हजार लिटर गोबरगॅसच्या तोंडाशी सोडलं. चार-पाच दिवस गॅस इतका आला की दाबानं मळी, म्हणजे टाकीतला शेणकाला, बाहेर आली. मग शेगडीची ज्योत पिवळी झाली, फडफडू लागली, आणि दहा-बारा दिवसांत विझली. गॅस येतोय, खरं पेटत नाही.

मी पीएचची, म्हणजे आंबटपणा मोजायची पट्टी मळीत बुडवली. आकडा जितका कमी तितकं आंबट. रंग पाचच्या खाली गेला. चालत्या गोबरगॅसमध्ये पीएच सातच्या आसपास असतो.

गोबरगॅसच्या पोटात एकच जंतू काम करत नाही. तिथे माल एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो. पहिले जंतू साखर, स्निग्ध आणि प्रथिनं फोडतात. दुसरे त्यांचं आम्ल करतात, मुख्यतः ॲसेटिक आणि ब्युटिरिक, आणि या कामात हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. शेवटचे, मिथेन करणारे, ते ॲसेटिक आम्ल आणि तो हायड्रोजन खाऊन मिथेन सोडतात. आपल्याला शेगडीवर दिसतो तो फक्त हा शेवटचा गडी. आम्ल करणारे झपाट्यानं वाढतात, काही तासांत दुप्पट होतात. मिथेन करणारे सावकाश, त्यांना दिवस लागतात, आणि आंबट त्यांना सोसत नाही. शेणातलं अन्न सावकाश सुटतं, शिवाय शेणातच आंबटपणा थोपवण्याची ताकद असते, म्हणून शेणाचा गॅस वर्षानुवर्षं चालतो. निवळीतली साखर मात्र विरघळून तयार उभी असते. एकदम हजार लिटर पडली की आम्लवाले सुटतात, पीएच पडतो, मिथेनवाले गप्प होतात. मग टाकीतून जो गॅस येतो त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त, थोडा हायड्रोजन, आणि मिथेन जवळजवळ नाहीच. तो पेटणार कसा?

मी हे परड्यातच एका पाटावर बसून सांगत होते. मालकांची मुलगी मागं उभी होती. ती बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं मधूनच विचारलं, "म्हणजे मॅडम, आमच्या टाकीत हायड्रोजन तयार होत होता?"

होत होता. थोडा, पण होत होता.

तिथून या प्रकरणाला खरं वळण लागलं. तिनं केंद्राच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनबद्दल वाचलं होतं. ४ जानेवारी २०२३ ला मंजुरी, १९,७४४ कोटींची तरतूद, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य. जैविक मालापासून केलेला हायड्रोजनही सरकारच्या व्याख्येत हरित ठरू शकतो, हेही तिला माहीत होतं. तिचं म्हणणं साधं होतं. शेणाचा गॅस आजोबांच्या काळापासून आहे. आपण पनीरच्या पाण्यापासून हायड्रोजन आणि वीज का करू नये? आजी म्हणाली, "पोरगी सांगत्या ते हुईल काय बघ बाई, नाहीतर त्या शेतकऱ्याचं भात तरी वाचव."

मी दोघींनाही लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. हजार लिटर निवळीत नेमकी किती ऊर्जा आहे आणि ती कुठल्या रूपात हाती येते, याचा हिशेब मुलीनं स्वतः मांडावा, असं मला वाटत होतं. पुढचे दोन रविवार आम्ही दोघी तेच करत होतो.

हजार लिटरमध्ये साधारण ४५ किलो लॅक्टोज. त्यातला सगळा हायड्रोजन, पाण्यातला वाटा धरून, बाहेर काढता आला तर ६ किलोच्या वर भरतो. हा आकडा बघून तिचे डोळे चमकले. पण अंधारात, प्राणवायूविना, क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू साखर आंबवतात तेव्हा ग्लुकोजच्या एका रेणूमागे जास्तीत जास्त चार रेणू हायड्रोजन मिळतो. हिशेबानं निघू शकतात बारा, मिळतात चार. उरलेले दोन तृतीयांश ॲसेटिक आम्लात अडकून राहतात. जंतूला त्यापुढं जाऊन ते आम्ल फोडण्यात फायदा नसतो. ही मर्यादा त्याच्या पोटाच्या हिशेबाची आहे, आपण टाकी कितीही चांगली बांधली तरी ती हलत नाही. म्हणजे ६ चे झाले २.१ किलो. प्रत्यक्षात काही जंतू ब्युटिरिक आम्लाच्या वाटेनं जातात, तिथे चारऐवजी दोनच मिळतात. काही साखर लॅक्टिक आम्ल करणारे खाऊन टाकतात, त्यातून हायड्रोजन अजिबात नाही, आणि दुधाच्या पाण्यात हे लॅक्टिकवाले घरचेच असतात. म्हणून नीट चाललेल्या टाकीतही अर्धा ते एक किलो धरावा.

एक किलो हायड्रोजनमध्ये ३३ युनिटांएवढी ऊर्जा असते. ती स्वयंपाकाच्या गॅसच्या अडीच किलोंच्या बरोबरीची.

मग तीच निवळी मिथेनपर्यंत नेली तर? हजार लिटरची रासायनिक प्राणवायू-मागणी, म्हणजे सीओडी, साधारण ६० किलो. सीओडीच्या एका किलोमागे ०.३५ घनमीटर मिथेन निघतो. ऐंशी टक्के काम झालं असं धरलं तरी रोज १७ घनमीटर मिथेन. ऊर्जा १७० युनिटांच्या आसपास, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचे १३ किलो. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असतो, त्याचे दोन तृतीयांश, रोज.

अडीच किलो आणि तेरा किलो. मुलीनं हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मलाही वाईट वाटलं, कारण तिचा उत्साह खरा होता. पण हायड्रोजनच्या मागं धावणाऱ्या कितीतरी लहान उद्योगांपुढं हे दोन आकडे कुणी मांडतच नाही. शिवाय हायड्रोजन साठवायचा म्हणजे दाबून सिलिंडरमध्ये भरायचा. त्याला पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेची परवानगी लागते, कॉम्प्रेसर लागतो. हवेत ४ ते ७५ टक्के असला तरी तो पेट घेतो. मिथेनची मर्यादा ५ ते १५. हायड्रोजनला वास नाही आणि त्याची ज्योत दिवसा दिसतही नाही. खव्याच्या भट्टीशेजारी हे मला नको होतं.

आता वीज. मुलीनं हे प्रकरण सोडलं नाही, आणि बरं झालं सोडलं नाही.

जंतू अन्न खातात तेव्हा त्यांच्याकडे इलेक्ट्रॉन जमतात, ते कुठंतरी टाकावे लागतात. आपण ते श्वासातल्या प्राणवायूवर टाकतो. काही जंतू लोखंडाच्या गंजावर टाकतात, म्हणजे पेशीच्या बाहेर. जिओबॅक्टर हा त्यांतला नावाजलेला. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून तो पहिल्यांदा वेगळा काढला. गंजाच्या जागी त्याला कार्बनचा कपडा दिला, आणि तो कपडा तारेनं हवेत ठेवलेल्या दुसऱ्या कपड्याला जोडला, की तारेतून वीज वाहते. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्येच जंतूंपासून वीज मिळते हे दाखवलं होतं.

मुलीनं प्लास्टिकच्या चार बादल्यांत हा विजेचा घट, म्हणजे सेल, केला. खाली ओढ्याकाठचा काळा गाळ, त्यात कार्बन फेल्टचा तुकडा, वर पाण्यावर तरंगणारा दुसरा तुकडा, आणि अन्न म्हणून आंबलेली निवळी, पाणी घालून पातळ केलेली. साधारण दहा दिवसांनी मल्टिमीटरवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा दिसला. त्या दिवशी तिचा फोटो सगळ्या नातेवाइकांपर्यंत गेला. मग चारही बादल्या ओळीत जोडून तिनं एक लहान लाल दिवा लावायचा प्रयत्न केला. दिवा मिणमिणला आणि विझला. तपासलं तर एका बादलीचे धन-ऋण उलटे झाले होते. ओळीतला जो घट उपाशी असतो त्याला बाकीचे ओढून उलटा करतात. मोठ्या प्रयोगांतही हाच त्रास होतो, मला तो तिनं बादल्यांत दाखवला.

पुन्हा वही. निवळीतले चौथा भाग इलेक्ट्रॉन तारेत आले आणि घटानं ०.३५ व्होल्ट दिले, असं उदारपणे धरलं, तर दिवसाला १७-१८ युनिट वीज. वाचायला बरं वाटतं. पण चौरस मीटरला एक वॅट ही प्रयोगशाळेतल्या लहान घटाची चांगली कामगिरी समजतात. तेवढीच इथेही मिळेल असं मानलं तरी सव्वासातशे चौरस मीटर कार्बन लागेल. म्हणजे सात गुंठे. कार्बनचे सात गुंठे. घट मोठे झाले की कामगिरी त्याहून खाली जाते.

तिनं मग उलटा मार्ग काढला. घटाला बाहेरून थोडी वीज देऊन आम्लातला अडकलेला हायड्रोजन सोडवायचा. ही पद्धत २००५ च्या सुमारास अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये वेगवेगळ्या गटांनी शोधली. पाणी फोडायला हिशेबानं १.२३ व्होल्ट लागतात, इथे जंतूंच्या मदतीनं ०.२ ते ०.८ व्होल्टमध्ये भागतं. म्हणजे पहिल्या टाकीत साखरेपासून आम्ल आणि थोडा हायड्रोजन, दुसऱ्या टाकीत त्याच आम्लापासून उरलेला हायड्रोजन. कागदावर ही जोडी फार सुंदर आहे. आणि योगायोग असा की कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात एका वाइन कारखान्याच्या सांडपाण्यावर नेमक्या एक हजार लिटरचा असा घट चालवून पाहिला गेला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. गॅस जास्तीत जास्त लिटरमागे दिवसाला ०.१६ लिटर, आणि त्यातला ८६ टक्के मिथेन. तयार झालेला हायड्रोजन मिथेनवाल्या जंतूंनी तिथल्या तिथं खाऊन टाकला होता.

हे वाचून मुलगी जे बोलली ते मी तेव्हाच लिहून ठेवलं. ती म्हणाली, "मॅडम, हे तर आपल्याच टाकीसारखं झालं. आपल्याला मिथेन हवा होता तर हायड्रोजन मिळाला. त्यांना हायड्रोजन हवा होता तर मिथेन."

निसर्गात हायड्रोजन शिल्लक राहत नाही. कुणीतरी त्याची वाटच बघत असतं. तो वेगळा काढायचा तर मिथेनवाल्यांना सतत दूर ठेवावं लागतं: बीज, म्हणजे सुरुवातीला घालायची जंतूंची मळी, उकळून घ्यायचं, त्यानं क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू टिकतात आणि बाकीचे मरतात, पीएच साडेपाचवर धरायचा, माल काही तासांतच पुढं ढकलायचा, गॅस साचू द्यायचा नाही. मोठ्या कारखान्यात, प्रयोगशाळा आणि पाळीचे लोक असतील तर हे जमतं. चार कामगारांच्या डेअरीत पहाटे तीनला पीएच कोण बघणार?

यात एक गोष्ट मात्र मला आधी सुचायला हवी होती, ती मालकांच्या भावजयीनं सांगितली. ती म्हणाली, पाणी इतकं कढत असतं की हात घालवत नाही, आणि पलीकडं आम्ही थंड दूध तापवायला लाकडं जाळतो. पनीर निथळताना निवळी सत्तर अंशांच्या आसपास असते. ती पस्तीसपर्यंत निवते तेव्हा हजार लिटरमधून चाळीस युनिटांएवढी उष्णता जाते. एक किलो हायड्रोजनपेक्षा जास्त! जंतू नकोत, परवानगी नको. आम्ही सगळ्यात आधी स्टीलच्या नळीचं वेटोळं निवळीच्या टाकीत बसवलं आणि येणारं दूध त्यातून फिरवलं. लाकूड पहिल्याच आठवड्यात कमी लागलं, आणि निवळीही जंतूंना हवी तेवढीच कोमट होऊन पुढं जाऊ लागली. बेळगावच्या थंडीत गोबरगॅस मंदावतो, तिथे हे कोमट पाणी कामाला येतं.

मग मुख्य काम. आम्ही जंतूंचा तोच क्रम ठेवला, फक्त दोन घरं वेगळी केली.

पहिलं घर आम्लवाल्यांचं. दोन हजार लिटरची झाकणबंद टाकी. निवळी नळीनं पाण्याच्या पातळीखाली सोडायची, म्हणजे हवा आत जात नाही. इथे साखर आंबते, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो गॅस पाण्याच्या कुलपातून, म्हणजे गॅस उलटा फिरू न देणाऱ्या पाण्याच्या अडसरातून, गोबरगॅसच्या नळीला जोडला. वेगळा साठवायचा नाही, मिथेनबरोबर तिथेच जाळायचा. हायड्रोजन थोडा मिसळला की ज्योत जास्त चपळ जळते. मुलीचा हायड्रोजन अशा रीतीनं खव्याच्या कढईखाली पोचणार होता. या मिश्रणाला बायोहायथेन म्हणतात हे तिनंच मला सांगितलं.

दुसरं घर जुनी गोबरगॅसची टाकी. ती आधी जिवंत करायची होती. मालकांचे धाकटे भाऊ आत उतरून साफ करतो म्हणाले. मी अक्षरशः त्यांचा हात धरला. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो, प्राणवायू नसतो, माणूस दोन श्वासांत खाली कोसळतो आणि त्याला काढायला उतरणाराही परत येत नाही. आपल्या भागात अशा बातम्या दरवर्षी वाचतो. ट्रॅक्टरवरच्या पंपानं वरूनच निम्मी मळी उपसली, ती पाचटाच्या खड्ड्यात जिरवली. चुना कालवून घातला. आणि बीज म्हणून चालत्या गोबरगॅसची ताजी मळी हवी होती, ती काकांनी दिली. त्यांच्याकडे गोबरगॅस आहे आणि तो कधी बंद पडलेला नाही. बारा घागरी मळी त्यांनी स्वतः बैलगाडीतून आणली.

तीन आठवडे फक्त शेण. पट्टी सातवर आली, ज्योत निळी झाली. मग रोज पन्नास लिटर आंबवलेली निवळी, शेणात कालवून. आठवडाभर ज्योत आणि पट्टी ठीक राहिली की आणखी पन्नास. घाई झाली ती एकदाच. दिवाळीत पनीरची मागणी वाढली आणि कुणीतरी एका दिवशी तीनशे लिटर जास्त सोडलं. ज्योत पिवळी पडू लागली तेव्हा आठ दिवस निवळी बंद ठेवली, चुना दिला, सावरली.

त्या वेळी बादल्यांचा उपयोग झाला. मुलीनं एक घट गोबरगॅसच्या बाहेर येणाऱ्या मळीच्या हौदात ठेवला होता. वीज म्हणून त्याची किंमत काहीच नाही. पण मळीत न पचलेलं आम्ल वाढलं की त्याचा व्होल्ट बदलतो, आणि त्या दिवाळीत ज्योत पिवळी पडायच्या एक दिवस आधी आकडा हलला होता. तिनं तो वहीत नोंदवला होता, पण त्याचा अर्थ लागला तो नंतर. सांडपाण्यातली बीओडी मोजायला असे घट जगात वापरले गेले आहेत. आता घरात रोज सकाळी दूध मोजल्यावर घटाचा आकडाही लिहितात. आजीला मल्टिमीटर वाचता येतो.

बाहेर पडणारं पाणी अजून नदीत सोडण्याजोगं नाही, हे मी मालकांना दोनदा समजावून सांगितलं. लिटरला साठ हजार मिलिग्रॅम सीओडीतले ऐंशी-नव्वद टक्के गेले तरी सहा ते बारा हजार उरतात. बीओडीच्या तीसच्या मर्यादेपासून हे पाणी अजून फार लांब आहे. म्हणून घट्ट मळी उसाच्या पाचटावर टाकून खत, आणि पातळ पाणी वाळू-खडीच्या कर्दळीच्या वाफ्यातून गाळून हौदात. हौदाचं पाणी कुठं आणि किती द्यायचं ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीनुसार. अर्ज कन्नडमध्ये भरायचा होता, तो गावच्या ग्रंथालयात बसणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी भरून दिला.

सध्या टाकी चारशे लिटरवर आहे. तिच्या पोटाला सोसेल ते पाचशेपर्यंतच. दिवसाला घनमीटरमागे दोन किलो सीओडी, याच्यावर अशा साध्या टाकीला ताण देऊ नये. उरलेल्या सहाशे लिटरपैकी काही गावातले म्हैसवाले ताजंच घेऊन जातात, थोडं थोडं करून, कारण जनावराला एकदम जास्त साखर गेली तर त्याचंही पोट गोबरगॅससारखंच आंबतं. थोडं घरात चपातीच्या कणकेत आणि आमटीत जातं. बाकीचं टँकरनं पाचटाच्या खड्ड्यांवर. दुसऱ्या टाकीचा खड्डा परड्याच्या वरच्या अंगाला आखून झाला आहे, काम पावसाळ्यानंतर.

खव्याची एक कढई आता पूर्ण गॅसवर आटते. मुलीला अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी पहिल्या टाकीतल्या गॅसमध्ये हायड्रोजन किती टक्के आहे ते मोजायचं आहे. नमुन्याच्या पिशव्या आल्या आहेत, गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले गॅस वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, वेळ मिळायची आहे. काकांच्या कोपऱ्यात यंदा भात लावलेलं नाही. तिथे त्यांनी ताग पेरलाय, जमीन परत येईल म्हणतात.